कोल्हापुरात कुणाचं पोट उपाशी राहू नये म्हणून: रेशन, अन्नछत्र आणि शिधावाटपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही शहरातल्या पेठांतले आणि उपनगरांतले काही कार्यकर्ते आहोत. गरजू घरांना शिधा देतो आणि तेवढाच वेळ रेशनकार्डाच्या कागदांना देतो. दिलेली शिध्याची पिशवी पंधरा दिवसांत संपते. कार्डावर चढलेलं नाव दर महिन्याला धान्य आणतं. म्हणून आमच्याकडे मदत मागायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "तुमचं रेशन चालू आहे का?" लोक आम्हाला जे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कोल्हापूर म्हणजे ऊस, दूध आणि गुळाचा जिल्हा. इथे उपाशी कोण राहतं?

रानात काय पिकतं यापेक्षा घरात रोख पैसा किती येतो, यावर पोट भरणं ठरतं. ज्याला जमीन नाही त्याला शेजारच्या फडातला ऊस काय उपयोगाचा? आमच्याकडे येतात त्या चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी, बिगारी काम करणारे, भंगार वेचणारी कुटुंबं आणि नवरा गेल्यावर पोरांना एकटीनं वाढवणाऱ्या बायका. इचलकरंजीच्या यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर जगणारे कामगार आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागलेली पोरं आहेत. हंगामात जिल्ह्याबाहेरून येणारे ऊसतोड मजूर आहेत. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतल्या धनगरवाड्यांवर अडचण वेगळी असते. कार्ड असतं, पण दुकान लांब आणि पावसात वाट बंद.

ही उपासमार बाहेरून दिसत नाही. चूल रोज पेटते. महिन्याचा तिसरा आठवडा लागला की आधी दूध बंद होतं, मग डाळ पातळ होते, मग कोरड्यास जातं आणि चटणी-भाकरी उरते. नंतर घरातली बाई "मला भूक नाही" म्हणायला लागते. ती असं म्हणते तेव्हा त्या घराला मदतीची गरज आहे हे ओळखावं.

वर्षातही असे दिवस ठरलेले असतात. आषाढ-श्रावणात बांधकामं थांबतात, शेतातली मजुरी कमी होते आणि त्याच वेळी शाळेचा खर्च येतो. आमच्याकडे सर्वांत जास्त विचारणा याच दिवसांत होते.

मग अन्नछत्रं आहेत की. तिथं जाऊन जेवता येतं ना?

येतं, आणि ही आपल्या भागाची मोठी पुण्याई आहे. अंबाबाईच्या देवळाजवळ अन्नछत्र चालतं. नृसिंहवाडीला दत्त देवस्थानाचा महाप्रसाद असतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत लाखो लोक डोंगर चढतात, तेव्हा वाटेवर गावोगावचे लोक जेवण वाढायला उभे असतात. सीपीआर रुग्णालयात खेड्यातून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे पुरवणारे दातेही आहेत.

पण अन्नछत्र एका जागी आणि एका वेळेला असतं. कसबा बावड्यात राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आजी रोज महाद्वार रोडला कशा येणार? दिवसभर कामावर असलेला माणूस दुपारी रांगेत कसा उभा राहणार? त्याच्या घरी दोन लेकरं असतील तर त्यांच्या रात्रीच्या जेवणाचं काय? वाटसरू, यात्रेकरू, रुग्णाचे नातेवाईक, अचानक अडचणीत आलेला माणूस यांच्यासाठी अन्नछत्र हवंच. पण ज्याचा रेशनवर हक्क आहे असं कुटुंब वर्षानुवर्षं वाटपाच्या रांगेत उभं असेल, तर त्याचा हक्क कुठेतरी अडकलेला आहे. तो मोकळा करून देणं हेच खरं काम, असं आमचं ठाम मत आहे.

शाहू महाराजांच्या काळात दुष्काळात काय केलं होतं?

राज्यकारभार हाती घेतल्यावर दोनच वर्षांत, म्हणजे १८९६-९७ मध्ये, महाराजांना दुष्काळाला तोंड द्यावं लागलं. त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, व्यापाऱ्यांना भाव आवरायला लावले, दुष्काळी कामं काढून लोकांच्या हाताला रोजगार दिला आणि ज्यांच्याकडून काम होत नव्हतं अशा निराधारांसाठी आश्रय उभा केला. १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं सुरू झाली. खेड्यातल्या पोराला शहरात राहायची आणि जेवायची सोय झाली, तेव्हा शिक्षण त्याच्या आवाक्यात आलं.

यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी धान्य परवडेल अशा भावात, मग हाताला काम, आणि ज्याला काम जमत नाही त्याला आधार. आजही कुठल्याही गावाला याच क्रमानं जावं लागेल.

रेशनवर नेमकं कुणाला किती धान्य मिळतं?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात दोन गट आहेत. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला, माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. पूर्वी तांदळाला किलोमागे ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये द्यावे लागत. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते मोफतच राहील असं केंद्र सरकारनं जाहीर केलं आहे. दुकानात कुणी या धान्याचे पैसे मागितले तर देऊ नका. अंत्योदय कार्डावर महिन्याला एक किलो साखर २० रुपयांनी मिळते, तिचे पैसे मात्र द्यावे लागतात.

गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण मधूनमधून बदलतं. कधी ज्वारीही येते.

कायद्यानं कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईचं नाव असतं. सासूबाई वारल्यावर हे नाव बदलून घ्यायचं राहून जातं आणि पुढे अडचण होते. ते वेळेत करून घ्या.

माझं केशरी कार्ड आहे, उत्पन्नही कमी आहे. तरी धान्य येत नाही. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार्डाचा रंग आणि धान्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्ड असलेल्यांपैकी काहींनाच "प्राधान्य कुटुंब" म्हणून निवडलं गेलं. कायदा लागू होताना त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ठरली. महिन्याचा हिशेब केला तर शहरात पाच हजारांच्याही आत. आज घरकाम करणारी बाई चार घरं धरते तेव्हा या आकड्याच्या वर जाते, आणि तिचं घरभाडंच त्यातला मोठा भाग खातं. ही मर्यादा जगण्याच्या खर्चाशी जुळत नाही. ती वाढली पाहिजे, आणि ही मागणी ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे व्हायला हवी. अर्ज करण्याआधी सध्याची मर्यादा पुरवठा कार्यालयात विचारून घ्या.

दुसरी अडचण इष्टांकाची. कायद्याखाली महाराष्ट्रात जास्तीत जास्त किती लोकांना धान्य द्यायचं याचा आकडा २०११ च्या जनगणनेवरून ठरला. तो सुमारे ७ कोटी आहे. हाच इष्टांक जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटला गेला. त्यानंतर लोकसंख्या वाढली, शहराभोवती नवी वस्ती झाली, पण आकडा तोच राहिला. त्यामुळे तुम्ही पात्र असलात तरी जागा रिकामी झाल्याशिवाय नाव चढत नाही. मयत झालेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि आता सुस्थितीत असलेल्यांची नावं कमी झाली की जागा होते.

म्हणून अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का आहे ना ते पाहा. तलाठ्याचा उत्पन्न दाखला, सगळ्यांची आधारकार्डं, जुन्या कार्डाची प्रत जोडा. जागा रिकामी होईल तेव्हा ज्याचा अर्ज नोंदलेला आहे त्याचाच विचार होईल.

आणि ज्यांची परिस्थिती खरोखर सुधारली आहे, त्यांना कळकळीची विनंती. धान्याचा हक्क स्वतःहून सोडण्याची सोय आहे. तुमच्या घरचे चार जण कमी झाले की दुसऱ्या कुणाचं घर त्या यादीत येतं.

"दादा, गेल्या महिन्यापर्यंत मिळत होतं, आता मशीनवर नावच येईना."

बहुतेक वेळा कारण ई-केवायसीचं असतं. कार्डावरच्या प्रत्येक माणसानं आधारची पडताळणी करायची असते, एकानं केली म्हणजे सगळ्यांची होत नाही. ती कुठल्याही रेशन दुकानात मोफत होते. 'मेरा ई-केवायसी' या ॲपवर चेहरा दाखवूनही करता येते.

ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत त्यांचे हाल होतात. धुणीभांडी, वीटभट्टी, ऊसतोड, फाउंड्री यांत आयुष्य गेलेल्या माणसांचा अंगठा मशीन घेत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांची पडताळणी किंवा चेहऱ्याची पडताळणी मागा. "अंगठा येत नाही, पुढच्या महिन्यात या" हे उत्तर मान्य करू नका. लहान मुलांच्या आधारमध्ये वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर ठसे नव्यानं द्यावे लागतात. ते राहिले की मुलाचं नाव अडकतं आणि घरात पाच किलो कमी येतात.

दुकानदार कमी धान्य देतो किंवा "संपलं" म्हणतो. काय करायचं?

आधी पावती मागा. मशीनमधून निघालेल्या पावतीवर तुमच्या नावावर किती धान्य उचललं ते छापलेलं असतं. पावती आणि पिशवीतलं वजन जुळत नसेल तर तिथेच सांगा. सगळे दुकानदार लबाड नसतात हेही सांगितलं पाहिजे. अनेकांना मालच उशिरा येतो, सर्व्हर बंद पडतो आणि रांगेतल्या लोकांचा राग त्यांच्यावर निघतो.

तरीही काम झालं नाही तर १९६७ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. मग तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग, त्यानंतर जिल्हा पुरवठा अधिकारी. अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांचीही तरतूद आहे. हक्काचं धान्य सरकारनं दिलंच नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा, असं हाच कायदा म्हणतो. प्रत्येक दुकानासाठी दक्षता समिती असायला हवी. तुमच्या भागात ती आहे का, त्यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे एकदा विचारून पाहा. नुसत्या विचारण्यानंही फरक पडतो.

आम्ही ऊसतोडीला बीडहून येतो. कार्ड गावाकडचं आहे. इथं धान्य मिळेल का?

मिळेल. 'एक देश एक रेशन कार्ड' या व्यवस्थेत अन्न सुरक्षा यादीतलं कार्ड देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा आधार नंबर सांगायचा आणि पडताळणी करायची. गावी म्हातारे आई-वडील राहिले असतील तर काही धान्य तिकडे आणि काही इकडे, असंही उचलता येतं. इचलकरंजीत किंवा एमआयडीसीत राहणाऱ्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कामगारांनाही हाच नियम. माहितीसाठी १४४४५ हा क्रमांक आहे.

अडचण एकच येते. टोळ्या उतरतात तिथल्या दुकानात अचानक माणसं वाढतात आणि साठा पुरत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागानं आणि गावच्या सरपंचांनी टोळी आल्याबरोबर पुरवठा विभागाला कळवलं तर हे टळतं. टोळीतल्या लेकरांची आणि गरोदर बायकांची नोंद जवळच्या अंगणवाडीतही करून घ्या. आधार नंबर असेल तर गावाकडची नोंद इकडे जोडता येते.

आमच्याकडे कार्डच नाही. भाड्यानं राहतो, घरमालक कागद द्यायला तयार नाही.

मालकांना भीती वाटते की कार्ड काढलं म्हणजे भाडेकरू घरावर हक्क सांगेल. तसं काही नसतं. रेशनकार्डानं घराची मालकी ठरत नाही. अशा ठिकाणी आम्ही शेजारचे, ओळखीचे कुणी वडीलधारे घेऊन मालकांशी बोलतो आणि बऱ्याचदा ते ऐकतात. वीजबिल, भाडेकरार, बँकेचं पासबुक यांतलं काय चालेल ते सेतू केंद्रात विचारा.

असंघटित कामगार असाल तर ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंद करून ठेवा. ई-श्रमवर नोंद असलेल्या पण कार्ड नसलेल्या कामगारांना रेशनकार्ड द्यावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिले आहेत. देहविक्री करणाऱ्या महिलांना ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता शिधा द्यावा, हा न्यायालयाचा आदेश २०२० चा आहे. हे आदेश अर्जात लिहा.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात म्हणे?

नाही. कृपा करून ते दाणे निवडून टाकू नका.

ते पोषक तत्त्वं घातलेले तांदळाचेच दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून दाण्याच्या आकारात ते तयार करतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात मिसळतात. रंग थोडा वेगळा दिसतो, धुताना काही दाणे पाण्यावर तरंगतात, म्हणून शंका येते. आपल्याकडे बायकांत आणि मुलींत रक्त कमी असणं घरोघरी आहे, त्यासाठीच ही सोय. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

घरात एकटी आजी आहे. दुकानापर्यंत जाता येत नाही.

तीन गोष्टी तपासा. आजींचं कार्ड अंत्योदयमध्ये बसतं का? निराधार विधवा, वृद्ध, अपंग, दुर्धर आजारी यांना त्या गटात प्राधान्य आहे. दुसरी, संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचं मासिक अनुदान चालू आहे का? २०२३ मध्ये ही रक्कम १,५०० रुपये झाली. तिसरी, धान्य आणायला त्यांच्या वतीनं विश्वासाचं माणूस नेमता येईल का, हे दुकानदाराला आणि पुरवठा विभागाला विचारा.

धान्य आलं तरी आजींचा प्रश्न संपत नाही. गहू दळायचा कोणी, गिरणीचे पैसे कोण देणार, सिलिंडर कुठून आणणार? एकट्या म्हाताऱ्या माणसाला शिजवलेला डबाच लागतो. गल्लीतल्या सात घरांनी आठवड्यातला एकेक वार वाटून घेतला तर कुणावरही भार पडत नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि शिकत. तीच पद्धत आज म्हाताऱ्यांसाठी वापरावी असं आम्हाला वाटतं, आणि जिथे सुरू झाली आहे तिथे ती उत्तम चालते.

मुलांना आणि गरोदर बायकांना काय मिळतं?

अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना आहार मिळतो. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा आणि मातांचा आहार घरी न्यायचा असतो, मोठ्या मुलांना तिथेच गरम जेवण. घरी आणलेलं पाकीट अख्ख्या घरात वाटून संपतं, हे आम्हाला ठाऊक आहे. ते बाळाचं आणि आईचं आहे, तेवढं सांभाळा. मुलाचं वजन घटत असेल तर सेविकाताईंना लगेच सांगा. अतितीव्र कुपोषित मुलांसाठी जादा आहार आणि उपचाराची सोय आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत दुपारचं जेवण आहे. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम असं प्रमाण ठरलेलं आहे. खिचडी पातळ येते, डाळ दिसतच नाही अशी तक्रार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी बोलावं. आईनं अधूनमधून जाऊन चव घेतली की स्वयंपाक सुधारतो.

नववी-दहावीची पोरं यातून सुटतात, आणि त्याच वयात भूक सर्वांत जास्त असते. दात्यांनी इकडे लक्ष द्यावं.

शिवभोजन थाळीचं काय?

२६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात. दुपारीच मिळते आणि प्रत्येक केंद्राला थाळ्यांचा आकडा ठरलेला असतो, तो संपला की संपली. जवळचं केंद्र चालू आहे का, हे आधी जाऊन बघा. हमाल, रिक्षावाले, बाजाराला आलेले शेतकरी आणि अभ्यासिकेत बसणारी पोरं यांना ही थाळी फार उपयोगी पडते. घरच्या रेशनची जागा ती घेऊ शकत नाही.

लग्नातलं उरलेलं जेवण द्यायचं आहे. कुणाला फोन करू?

फोन करण्याआधी घड्याळ बघा. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तरच टिकतं. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं अन्न कुणालाही देऊ नये. भात सर्वांत फसवा. वास येत नाही, पण आत जंतू वाढलेले असतात. नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा, दही घातलेली कोशिंबीर, बासुंदी हे देऊच नका. चपात्या, सुकी भाजी, लाडू, न उघडलेली भांडी चालतात. पंगतीत वाढलेलं, ताटातलं अन्न अजिबात नाही.

रात्री अकराला कार्यालयातून फोन येतो, "पाचशे माणसांचं उरलंय, घेऊन जा." त्या वेळी वस्तीतली माणसं झोपलेली असतात. त्यापेक्षा लग्न ठरतानाच आचाऱ्याला सांगा की शेवटची पंगत बसायच्या आधी राखीव भांडी बाजूला काढायची आणि आम्हाला संध्याकाळीच कळवायचं. उरलेलं अन्न वाटण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. नियमित वाटप करणाऱ्यांनी नोंदणी करून घ्यावी, आणि डब्यावर कधी शिजवलं ते लिहावं.

खरं सांगायचं तर उरलेल्या अन्नावर गरिबाचं पोट चालवायची कल्पनाच आम्हाला पटत नाही. अन्न वाया जाऊ नये हे खरं, पण ते वेगळं काम आहे. भुकेल्या माणसासाठी वेगळं, ताजं शिजवावं.

शिधा द्यायचा असेल तर काय द्यावं?

गहू-तांदूळ रेशनवर मिळतो, म्हणून ज्या घरात रेशन चालू आहे तिथे पुन्हा तांदूळ देऊ नका. तिथे कमी पडतं ते डाळ, तेल, शेंगदाणे, कडधान्य, गूळ, कांदा-लसूण चटणी, मीठ, चहापूड. चौघांच्या घराला दोन किलो तूरडाळ, एक किलो मसूर, एक किलो मटकी किंवा हुलगे, दोन लिटर तेल, एक किलो शेंगदाणे आणि एक किलो गूळ दिला तर रेशनच्या धान्याला जोड मिळते. दळपासाठी थोडे पैसे दिले तर फार बरं. अंडी देता आली तर उत्तम.

आणि फोटो काढू नका. पिशवी घेताना मान खाली घातलेल्या बाईचा फोटो गावभर फिरला की ती पुन्हा कधी मागायला येत नाही, घरात काहीही नसलं तरी. आम्ही पिशवी संध्याकाळी घरी पोचवतो, शेजाऱ्यांनाही कळत नाही.

फुकट मिळालं की माणसं आळशी होतात, याचं काय?

माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य. त्याच्या पाच-सहा चपात्या होतात. तेवढ्यावर कोण काम सोडून घरी बसेल? भाडं, दवाखाना, शाळा, वीजबिल, तेल-डाळ हे सगळं कमवूनच आणावं लागतं. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं पहाटेपासून राबणारी आहेत. त्यांना मजुरी पुरेशी मिळाली असती तर ती आलीच नसती. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना पगारी सुट्टी आणि दरवर्षी वाढ दिली, तरी या कामाला मोठा हातभार लागेल.

पुराच्या वेळी काय तयारी ठेवायची?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. नदीकाठच्या घरांनी ३९ ची वाट पाहू नये. रेशनकार्ड, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वरच्या फळीवर, आणि सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक घरांत धान्य भिजून कुजलं. म्हणून जूनमध्येच धान्य उचला आणि उंचावर किंवा नातेवाइकांकडे ठेवा. २०२५ मध्ये जून ते ऑगस्टचं धान्य आगाऊ देण्याचे आदेश निघाले होते. दरवर्षी मे महिन्यात दुकानात तशी चौकशी करा.

पूर आल्यावर पहिले चार दिवस मदतीचे ट्रक येतात. चिवडा, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या यांचे ढीग लागतात. खरी ओढाताण होते ती पाणी उतरल्यावर, चिखल काढताना. काम नाही, चूल नाही, धान्य नाही. मदत करणाऱ्यांनी निम्मा निधी तेव्हासाठी ठेवावा.

आमचं तालीम मंडळ आहे. आम्ही काय करू शकतो?

खूप काही. गणेशोत्सवात मंडळं हजारोंचा महाप्रसाद करतात, म्हणजे भांडी, आचारी, कार्यकर्ते, देणगीदार सगळं तुमच्याकडे आहे. महाप्रसादाच्या खर्चातला थोडा भाग बाजूला ठेवून पुढच्या आषाढात आपल्याच भागातल्या अडचणीतल्या घरांना डाळ-तेल द्या.

महिन्यातून एक रविवार तालमीत 'रेशन मदत' ठेवा. एक टेबल, दोन शिकलेली पोरं, एक मोबाइल, झेरॉक्सचे थोडे पैसे एवढं पुरतं. ई-केवायसी राहिलेल्यांची यादी करायची, अर्ज भरून द्यायचे, सोमवारी एकानं आजी-आजोबांना घेऊन पुरवठा कार्यालयात जायचं. तिथे एकट्या माणसाला परत पाठवतात, सोबत कुणी असलं की काम होतं. जवळच्या अंगणवाडीत जाऊन सेविकाताईंना विचारा की वजन कमी असलेली मुलं कुठल्या घरांत आहेत आणि काय लागतं. परसबागेला जागा असेल तर मेथी, शेवगा, पालक लावून द्या. शेवग्याचं एक झाड दोन-तीन घरांना पाल्याची भाजी पुरवतं.

सुरुवात करताना यादी मोठी करू नका. आपल्या तालमीभोवतालच्या दोन-चार गल्ल्या घ्या, प्रत्येक घराचं कार्ड चालू आहे का ते बघा, आणि ज्या घराचं काम अडलं आहे ते पूर्ण होईपर्यंत त्याच्या मागे लागा.